सनईची पत्ती : बिघाड व उपाय (बारामती-इंदापूर परिसर)

सनई हे दुहेरी पत्तीचे सुषिर वाद्य आहे. बोरूच्या जातीच्या गवताची पत्ती दोऱ्याने धातूच्या बारीक नळीवर बांधतात आणि ती नळी सनईच्या डोक्यात बसवतात. आवाजाच्या बहुतेक तक्रारी पत्तीतच असतात. म्हणून लाकडाला किंवा भोकांना दोष देण्याआधी पत्ती काढून नुसतीच फुंकून पाहावी. ती एकटी मोकळी वाजत नसेल, तर सनईवरही वाजणार नाही.

बारामती व इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. वैशाखातल्या लग्नसराईत पारा 40 अंशांच्या आसपास असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. पुढे आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा हवेत ओल असते. पत्ती शेवटी गवतच. ती दोन्ही ऋतूंत एकसारखी वाजत नाही. लग्नात जुळवलेली एकच पत्ती पालखीच्या स्वागतालाही चालवण्याचा हट्ट धरू नये.

कोरड्या हवेत पत्तीचे ओठ आक्रसतात, आवाज चिरकतो किंवा फुटतच नाही. अशी पत्ती जोराने फुंकली तर चिरते. आधी ती थोडा वेळ तोंडात धरून भिजवावी, मग सनईला बांधलेली सुई आत सरकवून तोंड अलगद मोकळे करावे. उलट, फार भिजलेली पत्ती फुगते, दम जास्त लागतो आणि स्वर उतरतो. तिचे ओठ चिमटीत हलकेच दाबावेत व तिला थोडा वेळ सुकू द्यावे. पत्ती नळीसह किंचित आत बसवली की स्वर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. मात्र सनई वाजून गरम झाली की आपोआप चढते, तेव्हा साथीच्या सुराशी मेळ थोडे वाजवून झाल्यावरच घालावा.

नुसती हवा सूं सूं जात असेल तर बांधणी पाहावी. नळीचे खालचे तोंड बोटाने बंद करून पत्तीतून फुंकावे. दोऱ्यातून वारा निसटला तर मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा घट्ट बांधावे. पान-तंबाखू खाऊन वाजवणाऱ्यांच्या पत्तीत रस साचून ती लवकर जड होते. तोंड धुऊन वाजवणे हा यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि तोच सर्वाधिक टाळला जातो.

लग्नाच्या बँडमधील क्लॅरिनेटला एकेरी पत्ती असते. ती वाकडी बसली किंवा तिचे टोक तुटले की वाद्य किंचाळते. पत्तीचे टोक माउथपीसच्या टोकाशी बरोबर जुळवून मगच तिला धरून ठेवणारी पट्टी आवळावी. एबोनाइटचा माउथपीस कढत पाण्याने धुऊ नये किंवा उन्हात ठेवू नये. तो वाकला की कितीही चांगली पत्ती लावली तरी आवाज येत नाही. वाजवून झाल्यावर पत्ती काढून, पुसून, सपाट डबीत ठेवावी.