सैनिकाच्या पिशवीतील इतिहास

युद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या चरित्रांतून आणि तहांच्या कलमांतून वाचतो. परंतु ज्याच्या खांद्यावर ते युद्ध प्रत्यक्ष लढले गेले, त्या साध्या शिपायाने स्वतःविषयी फारसे लिहून ठेवलेले नसते. त्याचा शोध घ्यावयाचा, तर त्याची पिशवीच उघडून पाहावी लागते. दोन्ही महायुद्धांतील ब्रिटिश सैनिकांच्या अशा चीजवस्तू आणि प्रथमोपचाराची साधने आवडीने जमविणारे लोक आज पुष्कळ आहेत. वरकरणी हा छंद पोस्टाची तिकिटे जमविण्यासारखाच वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे: माणूस निघून गेल्यावर त्याच्या वस्तू त्याच्याविषयी किती आणि कोणती साक्ष देऊ शकतात?

या संग्रहवृत्तीला राजमान्यताही लवकर मिळाली. पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ साली, ब्रिटिश मंत्रिमंडळाने एका युद्धसंग्रहालयाच्या स्थापनेस मान्यता दिली. तेच पुढे इम्पीरियल वॉर म्युझियम झाले आणि १९२० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांसाठी खुले झाले. तोफा आणि निशाणांबरोबर सामान्य माणसाच्या हाताळणीतल्या वस्तूही तेथे जमा झाल्या. युद्ध संपण्यापूर्वीच त्याच्या स्मृतीची तजवीज करावी, ही कल्पना त्या काळी नवी होती.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश पायदळ सैनिकाच्या पाठीवर १९३७च्या नमुन्याची जाड सुती पट्ट्यांची साधनसामग्री असे. तिच्यातील लहान पिशवीत एकात एक बसणारे जेवणाचे दोन डबे, लोकरी आच्छादनातील पाण्याची बाटली, टॉवेल आणि जादा मोजे ठेवीत. एका गुंडाळीत वस्तरा, दाढीचा ब्रश, दात घासण्याचा ब्रश, कंगवा, सुरी, काटा व चमचा असा सरंजाम. शिवाय सुया, दोरा, बटणे आणि मोजे रफू करावयाची लोकर असलेली एक छोटी पिशवी. तिला सैन्यात ‘हाउसवाइफ’, म्हणजे गृहिणी, असे नाव होते. घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या माणसाला तुटलेले बटण स्वतःच लावावे लागे. त्या नावात थट्टा किती आणि आठवण किती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

सरकारी कचेरीत ज्याची उमेद गेली, त्याचे लक्ष या वस्तूंवरील शिक्क्यांकडे आधी जाते. कावळ्याच्या पावलासारखी दिसणारी बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. बाण ‘सी’ या अक्षरात असेल तर वस्तू कॅनडाची, आणि बाणाखाली ‘आय’ असेल तर ती हिंदुस्थानात बनलेली. शेजारी बहुधा कारखान्याचे नाव आणि सालही असते. परंतु खरी मोलाची खूण असते ती चमच्यावर किंवा पट्ट्यावर ठोकलेल्या सैनिकाच्या क्रमांकाची. या क्रमांकाचे महत्त्व समजण्यास एक घटना ध्यानात घ्यावी. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची सेवापत्रके लंडनमध्ये एका कोठारात ठेवली होती. सप्टेंबर १९४०च्या बाँबहल्ल्यात त्यांतील निम्म्याहून अधिक जळून गेली. एका युद्धाने दुसऱ्या युद्धाचे दप्तर खाक केले. ज्यांचे कागद गेले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या बाबतीत क्रमांक ठोकलेला एखादा चमचाच काय तो मागे उरला असेल.

आता प्रथमोपचाराच्या साधनांकडे वळू. प्रत्येक सैनिकाजवळ जखमेवर बांधावयाच्या पट्टीची एक पुडी असे. पहिल्या महायुद्धात ती कोटाच्या आतील बाजूस शिवलेल्या खिशात असे; दुसऱ्या महायुद्धातील पोशाखात विजारीच्या पुढे उजव्या बाजूस तिच्यासाठी खास खिसा होता. पुडीत निर्जंतुक पट्ट्या दोन, कारण गोळी शिरते एकीकडून आणि बाहेर पडते दुसरीकडून. आणि नियम असा की, जखमी झालेल्याला त्याच्याच खिशातील पट्टी बांधावी. मदतीला धावणाऱ्याने आपली वापरू नये, कारण पुढच्या क्षणी ती त्यालाच लागेल. या कठोर नियमात रणांगणाचा सगळा हिशेब आला आहे.

संग्राहकाच्या दृष्टीने न फोडलेल्या पुडीला सर्वांत अधिक मोल. येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने सावध व्हावे. पुडी अखंड राहिली याचा अर्थ तिची गरज पडली नाही, किंवा गरज पडली तेव्हा ती उघडण्यास कोणी उरले नाही. जी पुडी आपल्या कामी आली ती रक्ताने भिजली, फेकली गेली, जाळली गेली. म्हणजे काचेच्या कपाटात जे मांडलेले दिसते ते युद्धाचे न वापरलेले अंग होय. संग्रह जितका नीटनेटका, तितका तो वेदनेपासून दूर.

रोगाशी चाललेले युद्धही असेच कपाटातून निसटते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ साली जखमी म्हणून मागे आणलेल्या दर माणसामागे आजारी म्हणून आणलेली माणसे १२० होती, असे जनरल स्लिम यांनी आपल्या १९५६च्या ग्रंथात नमूद केले आहे. हिवतापावर मेपाक्रीनची पिवळी गोळी रोज घ्यावी लागे, आणि सैनिक ती टाळीत. स्लिम यांनी अचानक तपासणी सुरू केली. ज्या पलटणीत शंभरांतील पंचाण्णवांहून कमी लोकांनी गोळी घेतल्याचे आढळे, तिच्या नायकाला ते पदावरून दूर करीत. तिघांना दूर केल्यावर बाकीच्यांना अर्थ उमगला. गोळ्यांची रिकामी डबी हाती आली, तरी ही हकीकत ठाऊक नसेल तर ती डबी मुकीच राहते.

सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे ओळखीच्या चकत्या. पूर्वी गळ्यात एकच चकती असे. ती नोंदीसाठी काढून घेतली की देह अनामिक होई. म्हणून १९१६पासून दोन देण्यात आल्या: लाल वाटोळी काढून न्यावयाची, हिरवी अष्टकोनी देहाबरोबर राहू द्यावयाची. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातील १,६००हून अधिक थडगी आहेत. तेथे क्रमांक आणि नाव वाचताना, मृताचे नाव त्याच्यापाशी राहावे यासाठी केवढी दक्षता घ्यावी लागते, हे जाणवते. उलट, जुन्या रणभूमीत उकरून कोणी अशी चकती विकावयास नेली, तर मातीतल्या त्या माणसाचे नाव तो कायमचे हिरावून घेतो. हा संग्रह नव्हे, अपहार होय.

या छंदाला शरीराचेही धोके आहेत. दुसऱ्या महायुद्धातील अनेक ब्रिटिश वायुरोधक मुखवट्यांच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असे. ते तोंडाला लावून पाहणे अपायकारक. मॉर्फीनच्या जुन्या कुप्यांवर तर अमली पदार्थांच्या कायद्याचाच अंमल चालतो.

बेळगाव, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूंच्या कित्येक घरांत, आणि तेथून निघून देशभर पसरलेल्या कुटुंबांतही, आजोबा-पणजोबांची लष्करी पेटी असेल. त्याच युद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतील सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. साऱ्यांची नावे अशी ग्रंथांत जात नाहीत. म्हणून पेटीतील वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नयेत. ती कोणाची, कोठून आली, कोणी सांगितले, एवढे एका कागदावर लिहून त्याच पेटीत ठेवावे. वस्तू नावासह राहिली तरच ती इतिहास होते. एरवी ती बाजारातली एक जुनी चीज.