नसब आणि निस्बत

भंडारा जिल्ह्यातील मुसलमानांचा इतिहास लिहायचा म्हटले की आम्ही दफ्तरे शोधू लागतो. दफ्तरांत भोसल्यांचे सरदार सापडतात, इंग्रजांचे साहेब सापडतात. बिड्या वळणाऱ्या हातांची नावे सापडत नाहीत. आमच्यापैकी अनेकांना पणजोबांच्या पलीकडचे नाव ठाऊक नसते. मातीच्या कबरी तर पावसाळ्यागणिक जमिनीला मिळतात. मग अशा पूर्वजांशी नाते जोडायचे कसे?

सूफींनी दोन नाती मानली आहेत. नसब म्हणजे रक्ताचे, निस्बत म्हणजे रूहानी. मुरीद आपला शजरा वाचतो तेव्हा कधीही न पाहिलेल्या बुजुर्गांची नावे तो क्रमाने घेतो. येमेनच्या उवैस करनींना हुजूरांची (स.) भेट घडली नव्हती, तरी त्यांची मोहब्बत नावाजली गेली. म्हणूनच न भेटलेल्या बुजुर्गाकडून लाभणाऱ्या फैजला ‘उवैसी’ म्हणतात.

भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपूरच्या ताजबागेत विसावलेले बाबा ताजुद्दीन याचेच उदाहरण होत. १८६१ साली कामठीत जन्मलेले बाबा लहानपणीच पोरके झाले. फौजेच्या नोकरीत सागरला असताना दाऊद मक्कींच्या मजारीवर ते रात्री जागवीत. पुढे १८९२ मध्ये लोकांनी त्यांना वेडा ठरवून नागपूरच्या पागलखान्यात धाडले. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तेथून सन्मानाने आपल्याकडे आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे विसाल झाले. ज्याला रक्ताचे छत्र उरले नव्हते, त्याच्या छायेत आज हजारो घरे बसतात.

मजारीवर जावे की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. परंतु मृतांसाठी दुआ करण्याबद्दल वाद नाही. हदीसमध्ये सांगितले आहे, की माणूस गेल्यावरही तीन गोष्टी त्याच्या खाती जमा होत राहतात : सदका-ए-जारिया, उपयोगी ज्ञान आणि नेक संततीची दुआ. पूर्वजांनी खोदलेली विहीर आम्ही उपसून स्वच्छ केली, तर त्यांचे पुण्य वाहते राहील.

शजरे उर्दू-फारसीत आहेत आणि आमची मुले मराठी शाळांत शिकतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीतच ‘योगसंग्राम’ रचला होता. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजी-आजोबांची, पणजोबांची नावे, त्यांचा व्यवसाय, गाव आम्ही देवनागरीत लिहून ठेवू या. पुढच्या शब-ए-बरातला फातिहा पढताना मुलांच्या ओठी ती नावे असतील.