केशराची थाळी आणि दाईचे हात

घरात बाईला कळा सुरू झाल्या, की कुणी वजू करून सूरह मरियम पढायला बसते, कुणी पाण्यावर दम करून आणते. आपल्यापैकी अनेकांचा जन्म अशाच दुआंच्या आवाजात झाला आहे. या रिवाजांना मोठा इतिहास आहे.

त्याचे मूळ कुरआनमधील हजरत मरियमच्या कहाणीत दिसते. खजुराच्या झाडापाशी कळा सोसणारी मरियम एकटी आहे. याआधीच मेले असते तर बरे, असे ती म्हणते. त्या बोलण्याबद्दल तिला कोणी दटावत नाही. दुःख करू नकोस, असा दिलासा मिळतो, पायाशी झरा वाहतो, ताजे खजूर मिळतात. धीर, पाणी आणि अन्न, तिन्ही एकदम!

दमास्कसचे इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी अडलेल्या बाळंतपणासाठीचे लेखी उपाय नोंदवून ठेवले आहेत. एका बाईला दोन दिवस कळा येत होत्या, तेव्हा बगदादच्या इमाम अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) यांनी रुंद भांडे आणि केशर आणायला सांगितले, असे ते लिहितात. सूरह इन्शिकाकच्या सुरुवातीच्या आयती भांड्यात लिहून ते पाणी बाईला पाजायचे, पोटावर शिंपडायचे, हीसुद्धा त्यांचीच नोंद. त्या आयतींत आकाश दुभंगते आणि धरती पोटातले सारे बाहेर टाकते. हीच सूरह का निवडली, हे वेगळे सांगायला नको. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी तर बेरीज १५ येणाऱ्या नऊ घरांच्या यंत्राचा उल्लेख केला आहे. ते पाणी न लागलेल्या दोन कापडांवर लिहायचे, बाईने पाहायचे आणि पायाखाली ठेवायचे.

पण ही झाली अर्धीच गोष्ट. कॉर्डोव्हाजवळच्या अल-जहरावी यांनी सुमारे १००० साली आपल्या ग्रंथात आडवे आलेले मूल कसे सोडवावे, हे दाईंना शिकवले, हत्यारांची चित्रेही दिली. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये दाईच्या कामाला समाजाला आवश्यक असा हुन्नर म्हटले आणि या बाबतीत ती कुशल हकिमापेक्षाही जाणकार असते, असे सांगितले. खुद्द इब्न कय्यिम यांच्या मते इलाज करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

म्हणजे आपल्या पूर्वजांनी थाळीही जपली आणि दाईचे हातही. दुआने भीती ओसरते, श्वास सावरतो, आपण एकट्या नाही असे बाईला वाटते. वेदनेत हा आधार लहान नाही. मात्र रक्तस्राव थांबत नसताना किंवा मूल अडकले असताना ‘तावीज बांधलाय, थोडे थांबू या’ असे म्हणणे, हा ईमान नसून त्या बाईच्या जिवाशी खेळ आहे.

दुआ दवाखान्याच्या वाटेवरही पढता येते. मरियमला केवळ शब्द मिळाले नव्हते, पाणी आणि खजूरही मिळाले होते. आपल्या लेकी-सुनांना निदान तेवढे तरी मिळायला हवे.