गाडी करणे : यवतमाळ ते माहूर

मराठी माणूस गाडी 'भाड्याने घेत' नाही, तो गाडी 'करतो'. 'माहूरला जायला गाडी केली' हे वाक्य यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात सहज ऐकू येते. 'करणे' या क्रियापदाचा हा उपयोग तपासून पाहण्याजोगा आहे. आपण वकील करतो. वस्तू भाड्याने घेतली की ती काही काळ आपली होते; वकील केला म्हणजे मात्र एका माणसाशी ठरावीक मुदतीचे नाते जुळते, आणि त्या नात्यात विश्वासाचा भाग मोबदल्याहून मोठा असतो. गाडीचे क्रियापद वकिलाच्या बाजूचे आहे, खुर्च्या-मांडवाच्या बाजूचे नाही. 'भाडोत्री' हे विशेषण आपण सैनिकांना लावतो, लेखकांनाही लावतो. देवीला नेणाऱ्या गाडीला मात्र सहसा लावत नाही. हा भेद कसा घडला याचा इतिहास कुठल्या प्रवासवर्णनात सापडायचा नाही. मराठी प्रवासवर्णनाला विलायत दिसली, हिमालय दिसला. घरापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या देवीला दोन दिवसांत जाऊन येणारे कुटुंब त्याला फारसे दिसले नाही.

माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक, रेणुकेचे. दत्तशिखर आणि अनसूयेचे स्थानही तेथेच. यवतमाळहून आर्णी, तेथून धनोडा, मग पैनगंगा ओलांडली की चढण सुरू होते. आज ही वाट सरळ वाटते, पण पैनगंगा ही दीर्घकाळ दोन राज्यव्यवस्थांमधली रेघ होती. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले, १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे आले. नदीपलीकडचा मुलूख निजामाकडेच राहिला. अलीकडचे लोक पलीकडच्याला 'मोगलाई' म्हणत. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले तरी माहूरचा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. म्हणजे यवतमाळ-पुसदकडच्या घरांची कुलदेवता कित्येक पिढ्या 'परराज्यात' होती. कुलाचार मात्र कोणी सीमेपाशी थांबवला नाही.

हा प्रवास बंडीचा होता. वऱ्हाडात बैलगाडी म्हणजे बंडी. हलकी आणि वेगाची हवी असेल तर छकडा किंवा दमणी. ज्याच्या घरी बंडी नसे तो शेजाऱ्याची मागून आणी. पण तेव्हाही निवड लाकडाची नसे. बैल चढाला कसे आहेत, पाण्यात उतरायला बुजतात का, आणि धुरकरी कोण, हे तीन प्रश्न पुरत. बंडी कोणाची ही बाब त्यानंतरची. पुढे मोटार आली तेव्हा यातले दोन प्रश्न नाव बदलून तसेच टिकले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात आपण यंत्राच्या बदलाकडे इतके पाहतो की न बदललेला प्रश्न नजरेतून सुटतो.

रेल्वेचा येथे उपयोग नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळला जी अरुंद मापाची गाडी आली आणि जिला पुढे सर्वजण 'शकुंतला' म्हणू लागले, ती मूर्तिजापूरकडे जाई. किलिक निक्सनच्या आधिपत्याखालच्या कंपनीचे ते रूळ कापसासाठी होते. सरकी काढलेला कापूस मुख्य लोहमार्गाला आणि तेथून मुंबईला पोचावा, हा त्यांचा हेतू. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले, ही बाब कौतुकाने सांगितली जाते. कौतुक जरूर करावे. पण कापूस वायव्येला जात होता आणि भाविकाला दक्षिणेला जायचे होते, हेही ध्यानात ठेवावे.

एसटीने पुष्कळ केले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६१ मध्ये आजचे राज्य परिवहन महामंडळ स्थापन झाले, आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी 'प्रासंगिक करारा'ची बस मिळू लागली. (काय सुंदर सरकारी शब्द आहे हा! आपले सगळेच प्रवास प्रासंगिक करार नव्हेत काय? असो.) पण बससाठी पन्नास माणसे जमवावी लागत आणि नवस एका घराचा असे. त्या मधल्या जागेत 'केलेली गाडी' आली.

आधी जीप, मग अँबॅसडर. अँबॅसडरचा पुढचा बाक सलग होता आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या दांड्याला. त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोघे सहज मावत, मांडीवरचे मूल वेगळे. टपावर कॅरिअर. चढावर ती तापे, मग बॉनेट उघडून पाणी ओतावे लागे. ते थांबणेही सहलीचा भाग होऊन जाई. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. हे नाव जपानी मल्लांवरून पडले असा समज आहे. ते टेल्कोचे शिल्पकार सुमंत मूळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे जोडून झाले. समोरासमोरचे मागचे बाक हे तिचे वैशिष्ट्य, आणि ज्यांना 'गाडी लागते' त्यांची ती शिक्षा. २००० मध्ये क्वालिस आली आणि २००५ मध्ये इनोव्हाने तिची जागा घेतली. मधे २००४ पासून तवेरा होती. या काळात जिल्ह्याच्या बोलीत गाडीचे नाव हेच आसनसंख्येचे माप झाले. 'सुमोभर माणसे' म्हटले की किती ते सांगावे लागत नसे.

या मापामागे कायदाही होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ड्रायव्हर सोडून सहापर्यंत उतारू नेणारी भाड्याची गाडी 'मोटारकॅब', सहाहून अधिक व बारापर्यंत नेणारी 'मॅक्सीकॅब'. कुटुंब मात्र कायद्याच्या आकड्यांत बसत नाही. आत्या येते म्हटल्यावर तिची सून येते, सुनेचे तान्हे येते. 'लहान मुले धरायची नाहीत' हा आपला मोजणीचा नियम परिवहन खात्याला ठाऊक नाही.

आता मुख्य प्रश्न : ही गाडी आपण स्वतः का चालवली नाही? परदेशी गेलेले आपलेच भाऊबंद विमानतळावर किल्ली घेतात आणि निघतात. आपल्याकडे त्यासाठी १९८९ ची 'रेंट-अ-कॅब' योजना झाली. तिच्या परवान्यासाठी किमान पन्नास गाड्या बाळगण्याची अट होती; अशा गाड्यांच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. कापसाच्या हंगामावर जगणाऱ्या जिल्ह्याच्या गावी पन्नास गाड्यांचा धंदा कोण उभा करणार? एका गाडीचा मालक, बहुधा तोच ड्रायव्हर, ही येथली रीत. म्हणून गाडी निवडणे म्हणजे ड्रायव्हर निवडणे. 'गाडी कोणती?' याच्या पाठोपाठ 'ड्रायव्हर कोण आहे?' येतेच. पितो का, रात्री चालवतो का, घाट माहीत आहे का. धुरकऱ्याचेच प्रश्न.

आणि या माणसाला आपण कसे वागवले? दर ठरवताना किलोमीटरचा भाव, टोल, हॉल्टिंग आणि ड्रायव्हरचा भत्ता यांवर घासाघीस होते. देवस्थानी कुटुंब भक्तनिवासात उतरते. ड्रायव्हर गाडीतच, काच थोडी खाली करून झोपतो. जेवणाला त्याला हाक मारली जाते, पण पंगतीत की नंतर, हे घराघरावर आणि जातीजातीवर अवलंबून राहिले. त्याला 'दादा', 'भाऊ' म्हणण्यात आपलेपणा असतो; पण त्याच संबोधनाच्या आधारे पहाटे तीनला निघायची गळही घातली जाते. घरोघरीच्या सहलीच्या छायाचित्रांत गाडी असते, तो नसतो. कारण पुष्कळदा छायाचित्र त्यानेच काढलेले असते.

दुसरी निवड पाटीच्या रंगाची. पिवळी पाटी म्हणजे परवाना, कर, व्यावसायिक विमा. पांढरी पाटी म्हणजे ओळखीतल्या कोणाची खासगी गाडी, दोन-तीन रुपये किलोमीटरमागे कमी. बहुतेक घरे पांढरी निवडतात. कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परवान्याशिवाय भाडे मारता येत नाही आणि खासगी गाडीची विमा पॉलिसी भाड्याचा वापर वगळते. अपघात झाला की विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढते. मग 'गाडी केली होती' हे साधे वाक्य कोर्टात बोलायची चोरी होते. भाडे दिलेच नाही, ओळखीने नेले, असे सांगावे लागते. ज्या क्रियापदात विश्वास होता तेच लपवावे लागते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वारसांच्या तारखा पडत राहतात.

सीमेचा जाच पुरता संपला नव्हताच. पांढरकवड्यापुढे पिंपळखुटीला राज्य संपते. मुलाच्या अक्षरारंभासाठी बासरला जाणाऱ्यांना पिवळी पाटी असली की शेजारच्या राज्याचा कर वेगळा भरावा लागे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी अखिल भारतीय पर्यटन परवाना एकाच शुल्कात आणला. खासगी गाडीला हा व्याप कधीच नव्हता. पांढऱ्या पाटीच्या लोभाचे हेही एक कारण.

एक गोष्ट मात्र सहलीच्या हिशेबात येत नाही. जी गाडी कार्तिकात कापूस विकल्यावर माहूरला जाते, तीच मध्यरात्री दारात बोलावली जाते, रोग्याला सावंगीला किंवा नागपूरला न्यायला. यवतमाळला १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले तरी 'पुढे न्या' हा शब्द संपला नाही. तेव्हा भाव कोणी विचारत नाही. सहलीला घासाघीस न केलेली बरी, असे जुनी माणसे सांगत, ते या रात्रीच्या धोरणाने.

शकुंतला आता बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मोठ्या मापाच्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. चिंतामणीच्या दर्शनाला आता आगगाडीने जाता येते. पुढची आखणी यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड अशी आहे. माहूर याही खेपेला रुळांच्या बाजूलाच राहते, आणि धनोड्याच्या पुलावरून पलीकडे जायचे तर एसटी, नाहीतर केलेली गाडी.