घरून लेप लावून निघाली, क्लिनिकला पोहोचलीच नाही

डिसेंबर २००४. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातली २२ वर्षांची विद्यार्थिनी पायांवरचे केस लेसरने काढायला निघाली. पुढचे टप्पे तिच्या प्रवासाचे. तासांची विभागणी औषधाच्या कामावरून केलेली.

लेप लावताना
लेसर दुखू नये म्हणून पायांना बधिर करणारे मलम. त्यात १० टक्के लिडोकेन, १० टक्के टेट्राकेन. वरून प्लास्टिक गुंडाळलेले. अशा ३० ग्रॅम मलमात ३,००० मिलिग्रॅम लिडोकेन असते. नुसते लिडोकेन टोचायचे, तर मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण ३०० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत.

पहिला तास
त्वचा बधिर झाली, म्हणजे औषध काम करतेय असे वाटते. प्लास्टिकखाली ऊब आणि ओल साचते, त्वचेचा वरचा थर भिजतो आणि औषध झपाट्याने आत उतरते. छोट्या जागेतून रक्तात थोडेच जाते. पण दोन्ही पाय मिळून शरीराची एक तृतीयांशाहून जास्त त्वचा भरते.

दुसरा तास
रक्तातली पातळी चढत राहते. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानांत आवाज, चक्कर. हे इशारे प्रत्येकाला मिळतातच असे नाही.

वाटेत
गाडीतच तिला झटके आले. असे औषध मेंदूनंतर हृदयाची लयही बिघडवते.

पुढचा आठवडा
ती कोमातून बाहेर आली नाही. जानेवारी २००५ मध्ये मृत्यू.

फेब्रुवारी २००७
अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, जाहीर इशारा दिला. त्यात अशाच लेपाने दगावलेल्या २५ वर्षांच्या आणखी एका तरुणीचा उल्लेख होता.

आज, नागपूरजवळच्या खाप्यात
नागपूरला लेसरसाठी जाताना बसमधला वेळ कामी यावा म्हणून घरूनच लेप लावण्याचा मोह होईल. तो टाळा. लेप क्लिनिकमध्येच, डॉक्टरांनी सांगितलेल्या जागेवर, सांगितलेला वेळच लावा. सोललेल्या त्वचेवर नको. त्यांनी सांगितल्याशिवाय प्लास्टिकही नको. मलमात किती टक्के औषध आहे, ते विचारा.

मुंग्या किंवा चक्कर जाणवताच आधी प्लास्टिक काढा, मलम पुसून धुवा आणि १०८ ला फोन करा. ओठ निळसर पडले तरी हेच. ट्यूब सोबत न्या: बधिर करणाऱ्या औषधाच्या विषबाधेवर शिरेतून २० टक्के लिपिड इमल्शन देतात, पण त्यासाठी डॉक्टरांना औषधाचे नाव कळायला हवे.