हेन्री आयर्विंग यांचा पत्रव्यवहार : सही आणि हस्ताक्षर

ग्रंथकाराचा ग्रंथ मागे राहतो, शिल्पकाराची मूर्ती राहते. नटाची कला मात्र पडदा पडताच प्रेक्षकांच्या स्मृतीत विलीन होते. म्हणून रंगभूमीच्या इतिहासकाराला अखेर कागदपत्रांकडेच वळावे लागते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील श्रेष्ठ इंग्लिश नट हेन्री आयर्विंग यांच्या पत्रव्यवहाराचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

आयर्विंग यांचा जन्म १८३८ सालचा. त्यांचे मूळ नाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब. हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या लंडनमधील एका पेढीत त्यांनी उमेदवारीच्या वयात कारकुनी केली आणि १८५६ साली ते रंगभूमीवर आले. १८७८ साली लंडनचे लायसियम नाट्यगृह त्यांनी भाडेपट्ट्याने घेतले आणि ३० डिसेंबर रोजी ‘हॅम्लेट’ने आपल्या कारकिर्दीचा प्रारंभ केला. त्या काळी नाट्यगृहाचा चालक हाच प्रमुख नट असे. नाटकाची निवड, नटांचे पगार, नेपथ्य, दौरे आणि कर्ज हे सारे त्याच्याच शिरावर. सायंकाळी डेन्मार्कचा राजपुत्र होणाऱ्या माणसाला दुपारी हिशेबाच्या वह्या पाहाव्या लागत.

या व्यापात आयर्विंग यांना ब्रॅम स्टोकर हे व्यवस्थापक लाभले. डब्लिनमधील सरकारी नोकरी सोडून ते १८७८ साली लायसियममध्ये आले आणि २७ वर्षे आयर्विंग यांच्या सेवेत राहिले. या काळात आपण सुमारे ५ लाख पत्रे लिहिली असावीत, असा त्यांचा स्वतःचाच अंदाज होता. एकही दिवस सुट्टी न घेता हिशेब मांडला तरी रोजची पन्नास पत्रे होतात! १८९७ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी पत्रे आणि दैनंदिन्या यांतूनच उलगडत जाते, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

आयर्विंग यांच्या पत्रव्यवहाराचे व्यावसायिक आणि सामाजिक असे दोन विभाग पाडण्याचा मोह होतो. परंतु ती सीमारेषा फार काळ टिकत नाही. तत्कालीन सभ्य समाज नाटक आवडीने पाहत असला तरी नटाला आपल्या पंक्तीस बसविण्यास कचरत असे. १४ फेब्रुवारी १८८० रोजी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या शंभराव्या प्रयोगानिमित्त आयर्विंग यांनी रंगमंचावरच सुमारे ३५० निमंत्रितांना भोजन दिले. अशा प्रसंगीचे निमंत्रण हा शिष्टाचार खराच. पण त्याचा स्वीकार म्हणजे नटाच्या व्यवसायाला मिळालेली मान्यता होती. पंतप्रधान ग्लॅडस्टन लायसियममध्ये येत. कवी टेनिसन यांचे ‘बेकेट’ रंगभूमीला अनुरूप करून आयर्विंग यांनी १८९३ साली सादर केले. चित्रकार बर्न-जोन्स यांनी १८९५ सालच्या ‘किंग आर्थर’चे नेपथ्य योजिले, तर त्याचे संगीत आर्थर सलिव्हन यांचे होते. त्याच वर्षी आयर्विंग यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. हा मान मिळविणारे ते पहिले नट. ती प्रतिष्ठा अभिनयाने मिळविली, तशीच अशा अखंड संबंधांनीही जोडली.

येथे इतिहासकारापुढे एक प्रश्न उभा राहतो. पत्राखाली सही आयर्विंग यांची असली, तरी मजकूर पुष्कळदा स्टोकर यांचा असे. मग त्यातील सौजन्य कोणाचे, आणि व्यवहारचातुर्य कोणाचे? माझ्या मते हा प्रश्न पत्रांचे मोल कमी करीत नाही, उलट वाढवितो. ‘आयर्विंग’ हे एका व्यक्तीचे नाव होते, तसेच ते एका संस्थेचेही नाव होते. आणि संस्था ही पडद्यामागच्या अनाम श्रमांवर उभी असते.

ते श्रम कोसळणाऱ्या डोलाऱ्याला मात्र वाचवू शकले नाहीत. फेब्रुवारी १८९८ मध्ये गोदामाला लागलेल्या आगीत चाळीसहून अधिक नाटकांचे नेपथ्य भस्मसात झाले. विम्याची रक्कम नुकसानीच्या मानाने अपुरी होती. १८९९ साली लायसियम एका कंपनीकडे गेले आणि १९०२ साली आयर्विंग यांचा तेथील अखेरचा प्रयोग झाला. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्ड येथे ‘बेकेट’चा प्रयोग आटोपल्यानंतर काही वेळातच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना चिरविश्रांती लाभली. पुढच्याच वर्षी स्टोकर यांनी त्यांच्या आठवणी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या.

आयर्विंग लायसियमचे चालक झाले, त्यानंतर दोनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. अण्णासाहेब आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांचे चरित्र लिहिले तेही त्यांच्याच मंडळीचे पुढील काळातील चालक शंकरराव मुजुमदार यांनी. आपल्याकडेही पडद्यामागचा माणूसच मालकाची स्मृती जपतो, हे साम्य विसरण्याजोगे नाही.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून एकच विनंती करावीशी वाटते. घरातील जुन्या पेटीत एखाद्या नाटकमंडळीची पावती, करारपत्र वा साधे पोस्टकार्ड सापडले, तर ते रद्दीत घालू नये. ज्यांची नावे जाहिरातीत कधीच छापली गेली नाहीत, त्यांचे हस्ताक्षर कदाचित तेथेच उरले असेल.