भोंगा आणि पाळणा

आईनें घरीं राहावें कीं नोकरी करावी, हा वाद आपल्या सुशिक्षित घरांना नवा नाहीं. वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुधा एक गोष्ट गृहीत धरतात: पूर्वीं आई घरींच असे, कामासाठीं बाहेर पडणें ही अलीकडची रीत. मुंबईच्या गिरणगांवाचा इतिहास मात्र निराळें सांगतो.

१९२० च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांत पांच कामगारांमागें सुमारें एक स्त्री होती. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या ह्या बायका मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या आणि लडी करण्याच्या खात्यांत, नायकिणीच्या देखरेखीखालीं काम करीत. घर कीं काम, असें त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. नवऱ्याच्या एकट्याच्या मजुरीवर चूल पेटत नसे, म्हणून त्या जात. त्यांच्यापुढील प्रश्न दुसराच होता: भोंगा झाल्यावर तान्हें मूल कोणाच्या स्वाधीन करावें?

ह्या प्रश्नाला चाळींत जें उत्तर सांपडलें, तें ऐकून आजही अंगावर कांटा येतो. तें उत्तर म्हणजे अफू घातलेली बाळगोळी. मुंबई सरकारनें १९२१ सालीं कामगार स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यास डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली. अर्भकांना अफू देण्याची चाल ह्या वर्गांत किती सर्रास आहे, हें त्यांच्या चौकशींतून उघड झालें. त्या आया निर्दय होत्या काय? मुळींच नाहीं. मूल दिवसभर निजून राहिलें तरच त्यांना संध्याकाळीं त्याच्या तोंडांत घांस घालतां येणार होता.

विश्रांतीची गोष्टही तशीच. १९२४ सालीं नारायण मल्हार जोशी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूतिभत्त्याचें विधेयक मांडलें. तें नामंजूर झालें. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत हा प्रश्न पुन्हां निघाला, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याला पाठिंबा दिला. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रसूतीच्या आधीं व नंतर आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. म्हणून हा भार मुख्यतः सरकारनें उचलला पाहिजे. तथापि तिच्या श्रमांचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यांतून सुटतां येणार नाहीं. १९२९ सालीं कायदा झाला. परंतु भार पडला तो एकट्या मालकावर.

पुढें काय झालें? गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण घटत गेलें. नवी यंत्रपद्धति आणि रात्रपाळीची बंदी हीं त्याचीं कारणें होतींच. पण बाई घेतली नाहीं म्हणजे भत्ताही नको आणि पाळणाघरही नको, हा हिशेबही त्यांत होता. आईच्या संरक्षणासाठीं केलेला कायदा असा कांहीं अंशीं तिच्याच रोजगारावर उलटला.

मग गिरणींत न जाणाऱ्या बायका नुसत्या घरींच बसल्या काय? गांवीं कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांसाठीं त्यांच्यापैकीं कित्येकींनीं खाणावळी चालविल्या. एका खोलींत, मांडीवर मूल घेऊन, दहा-पंधरा माणसांच्या भाकऱ्या त्या थापीत. त्यांना 'घरांतली बाई' म्हणावें कीं 'कमावती'? जगानें त्यांना कामगारांत मोजलें नाहीं. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचीं कर्जें मिळवून दिलीं, तेव्हां कोठें ह्या श्रमांना नांव मिळालें.

१९४८ च्या कारखाना कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें पाळणाघर आवश्यक केलें. १९६१ च्या कायद्यानें बारा आठवड्यांची रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीनें ती सव्वीस आठवड्यांची केली. हें सर्व स्वागतार्ह आहे. पण ह्या रजेच्या पगाराचा भार २०१७ सालींही मालकावरच ठेवला गेला, आणि १९२९ नंतरचा धडा आपण विसरलों.

श्रोतेहो, आई घरीं असो वा कामावर, मूल वाढविणें हें कामच आहे, आणि तें करून घेणारा समाज आहे. तो भार एकट्या आईवर टाकला तेव्हां बाळगोळी आली. एकट्या मालकावर टाकला तेव्हां आईची नोकरी गेली. आईनें कोठें असावें, ह्यावर घरोघर वाद घालण्यापूर्वीं पाळण्याची दोरी आणखी कोणीं धरावी, हें आपण आधीं ठरवूं या.